पेटीत राहिलेलं झाड

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली उतरवला, त्याचं झाकण काढलं आणि आतून पालीची चार अंडी घरंगळत फरशीवर आली. एक फुटलं. नातीनं नाक दाबलं. मी नाही दाबलं, कारण वास माझ्या ओळखीचा होता. झुरळांची घाण, पावसाळ्यांनी कुजवलेली धूळ आणि त्या दोन्हींच्या तळाशी वीस-बावीस वर्षांपूर्वीची मी.

त्या बाईबद्दल मला आदर नाही, हे आधीच सांगून ठेवते. चाळिशी ओलांडलेली, तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी, कडक इस्त्रीच्या साड्या नेसणारी आणि महत्त्वाचं वाक्य आलं की चष्मा काढून हातात धरणारी ती बाई. आज दारात आली तर पाण्याचं विचारीन. चहा टाकणार नाही.

डबा खाली काढायचं कारण माझी नात. ह्यांच्या पश्चात आमची कलमांची रोपवाटिका बंद पडली होती, ती तिनं पुन्हा सुरू केली आहे. गोव्यातल्या कंपनीचं काम ती घरात बसून करते आणि उरलेल्या वेळात मातीत हात घालते. रोपवाटिकेसाठी तिला एक लहानसं ॲप करायचं होतं. कुठलं कलम कुठल्या आईझाडाचं, कोणी नेलं, कुठे लावलं, एवढंच. दुपारी जेवताना ती सहज म्हणाली, "आजी, ऑब्जेक्ट डेटाबेस घेवया काय गो? टेबलांची कटकट नाय. झाड जसा आसा तसाच ठेवूचा. माझा एकटीचाच तर काम."

माझ्या तोंडातला सोलकढीचा घोट कडू झाला. हे वाक्य, बहुतेक ह्याच शब्दांत, ह्याच ओटीवर त्या बाईनं म्हटलं होतं. चष्मा हातात धरून.

माझ्या सासूबाई समोर बसून पेज जेवत होत्या. वय नव्वदीच्या पलीकडे, दात दोन, कान मांजराचे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मगे माझो आंबो खंय गेलो?"

हा प्रश्न आमच्या घरात दर पावसाळ्याला विचारला जातो आणि तो मलाच असतो.

त्यांचा आंबा म्हणजे विहिरीकडचा आंबा. रायवळ. पिकला तर गुरंही नाक मुरडत, इतका आंबट आणि धाग्यांनी भरलेला. पण त्याची कोवळी कैरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की पुढचं वर्षभर खणखणीत राहायची. बाकीच्या कैऱ्या श्रावणापर्यंत मऊ पडतात, बोटानं दाबल्या की लगदा होतो आणि त्या लगद्याला असा एक वास येतो की बरणी परसात उपडी करावीशी वाटते. ह्या झाडाची कैरी मात्र गणपतीनंतरही दाताखाली करकरत असे. पेज आणि ती खारातली कैरी, एवढ्यावर सासूबाईंनी कित्येक पावसाळे काढले. चार-पाच वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात ते झाड विहिरीचा कठडा घेऊन आडवं झालं. सासूबाईंनी मुळं उघडी पडलेली बघितली आणि म्हणाल्या, "जावंदे. कलमा आसत खंय खंय. तुझ्या मशिनीक इचार."

मशिनीला विचारायला मी का गेले नाही, ते आता सांगते.

सासूबाई त्या झाडाची कलमं स्वतःच्या हातानं बांधत. हापूसची कलमं विकायची, ही नाही. ही द्यायची आणि तीही मागणाऱ्याला नाही, ज्या घरात खार घालणारी बाई आहे तिथेच. प्रत्येक कलमाला तेलाच्या डब्याची कापलेली पत्र्याची पट्टी, तिच्यावर खिळ्यानं ठोकलेला नंबर. आणि कुठला नंबर कोणाकडे गेला ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, दुसरीपर्यंतच्या शिक्षणात मिळालेल्या अक्षरात. हापूसचंही त्या तसंच लिहीत. पानं तारेत ओवून स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलेली असत. त्यांना फोडणीचा, धुराचा आणि कधीकधी सुक्या बांगड्याचा वास येई.

त्या बाईला त्या पानांची किळस होती. सांगताना लाज वाटते, पण होती. कॉलेजात ती डेटाबेस शिकवायची आणि घरात माहिती सुक्या बांगड्यासारखी टांगलेली. तिनं ठरवलं, रोपवाटिकेचा प्रोग्रॅम आपण लिहायचा.

कॉलेजात तिच्या शेजारच्या टेबलावर एक सर बसत. त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, दोन टेबलं करा. एकात झाडं, एकात घरं. प्रत्येक कलमापुढे त्याच्या आईझाडाचा नंबर लिहा. झालं."

बाईनं चष्मा काढला. "सर, झाडाचं कोष्टक होत नसतं."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की पुढच्या महिन्यात कॉलेजच्या एका कार्यक्रमात तिनं ते स्टेजवरून पुन्हा म्हटलं. झाडाचे तुकडे करून कप्प्यांत का भरायचे, म्हणे. झाड हे झाड म्हणूनच ठेवावं, त्याला त्याची आई बिलगलेली असावी, आईला तिची सगळी पोरं. पुढच्या रांगेत कोणीतरी टाळीही वाजवली. मला अजून त्या टाळीचा राग आहे.

पणजीच्या एका प्रदर्शनातून ती ऑब्जेक्ट डेटाबेसची सीडी घेऊन आली. टाय लावलेल्या, पानमसाल्याचा वास येणाऱ्या माणसानं तिला पाच ओळींत एक नोंद साठवून दाखवली. टेबलं आखायला नकोत, नोंदी जोडायला नकोत. लहान कामाला, एका मशीनवर, एका माणसाला ह्याहून सोपं काही नाही, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. तिनं त्याला एवढंही विचारलं नाही की तुमचं दुकान बंद झालं तर ही पेटी उघडणार कोण. साडीची किनार बघून साडी घेतात, तशी तिनं ती सीडी घेतली.

कॉम्प्युटर घरी आला तेव्हा सासूबाईंनी नारळ मागवला. नवीन वस्तू घरात आली की गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे तिला हात लावत नाहीत. ह्यांनी टोपी घातली, मशीनपुढे नारळ ठेवला आणि सासूबाई मागून सांगत गेल्या तसे ते म्हणत गेले, "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान ही पेटी घरात हाडल्यान हा. हिच्यात जा काय घालतली, ता हिच्यातच ऱ्हवांदे. भायर कोणाच्या हाताक लागांदे नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. त्या बाईनंही म्हटलं, पदरात तोंड खुपसून हसू दाबत.

देवानं शब्दाला शब्द ऐकलं. पेटीत जे गेलं ते पुन्हा कोणाच्या हाताला लागलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत तिनं सगळी पानं मशीनमध्ये चढवली. आणि मग ती पानं तिनं न्हाणीघराच्या चुलीत घातली. थोडी पाण्याच्या हंड्याखाली, थोडी फुंकणीनं ढकलून. त्या दिवशीच्या पाण्याला सुक्या बांगड्याचा वास आला आणि तिनं त्या पाण्यानं अंघोळ केली. मला आज शिसारी येते ती ह्या अंघोळीची. चूक करणारी माणसं पुष्कळ असतात. ही चुकीनं पाणी तापवून, वर चंदनाचा साबण लावून बाहेर आली.

"माझी पाना खंय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, ती आता लागणार नाहीत. सगळं आत आहे."

"आत म्हणजे खंय?"

"पेटीत."

सासूबाईंनी पेटीकडे बघितलं, मग चुलीकडे. त्या दिवशी मला आमटीत मीठ कमी लागलं, म्हणून मी मागितलं. वाटी त्यांनी सरकवली, चमचा दिला नाही.

पुढचं लवकर घडलं. आधी मशीन धापा टाकू लागलं. एका कलमाची नोंद उघडली की त्याचं आईझाड उघडे, आईझाडामागून त्याची सगळी कलमं, कलमांमागून ती नेणारी घरं, त्या घरांतली बाकीची कलमं आणि त्यांची आईझाडं. एका सुकलेल्या रोपाचा नंबर बघायला अख्खा तालुका झोपेतून उठून बसायचा. एका वेळी किती उठवायचं ते ठरवता येतं, असं सीडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. पुस्तिका तिनं फडताळाच्या पायाखाली घातली होती, फडताळ डगमगत होतं म्हणून.

मग तिला सौंदर्यदृष्टी झाली. प्रोग्रॅममध्ये तिनं झाडांच्या नोंदींच्या साच्याचं नाव 'झाड' ठेवलं होतं. ते तिला गावठी वाटायला लागलं. तिनं ते बदलून 'मातृवृक्ष' केलं आणि जुना प्रोग्रॅम पुसून त्यावर नवा ठेवला. टेबलं असती तर एक नाव बदलून काही बिघडलं नसतं. इथे पेटीतली प्रत्येक नोंद म्हणत होती की मी 'झाड' आहे आणि प्रोग्रॅम म्हणत होता की झाड नावाचं आम्ही काही ओळखत नाही. नाव परत 'झाड' करून पाहिलं, तरी पेटी उघडेना. पणजीच्या त्या माणसाला तिनं फोन केला. तिथे आता कोणीतरी फरशा विकत होतं.

घरात तिनं सांगितलं, मशीन बिघडलंय. हे वाक्य मी वीस वर्षं वापरलं. इथे मी 'ती बाई' म्हणून सुटू शकत नाही. खोटं बोलायचं काम तिच्याकडून माझ्याकडे आलं आणि मी ते नीट सांभाळलं.

तर त्या दुपारी मी नातीला हे सगळं सांगितलं, सासूबाईंच्या समोर. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ता माका तेव्हाच समाजला. पाण्याक वास येय होतो." आणि पेजेची वाटी उचलून पिऊन टाकली.

"पण पणजे, तुका आठवत नाय? कोणाक दिलंस ता?" नातीनं विचारलं.

"कागदार होता म्हणान डोक्यात ठेवक नाय. डोक्यात ठेवूचा असता तर कागद कित्याक काळो केलो असतो?"

मग आम्ही तो कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला. नातीनं अंडी पुसली, आतली हार्ड डिस्क काढली आणि एका वायरीनं लॅपटॉपला जोडली. मला वाटलं होतं मेली असेल. ती कण्हत का होईना फिरली. माझी फाईल तिथे होती. उघडायला प्रोग्रॅम नव्हता, म्हणून तिनं ती साध्या लिखाणासारखी उघडली. पडद्यावर चौकोन, ठिपके, उलटीसारखा ओघळणारा कचरा. आणि कचऱ्यात मधूनच इंग्रजी अक्षरांत माणसं. कोणा घराचं आडनाव. शिरोडा. धामापूर. दोडामार्ग. नंबर बेचाळीस. पुन्हा कचरा. साठ-सत्तर घरं होती, शंभरावर नंबर होते.

"आजी, सगळ्यांची नावा आसत गो," नात म्हणाली.

"आणि कोण कोणाचं, ते?"

तिनं बराच वेळ वरखाली केलं. नव्हतं. टेबल असतं तर प्रत्येक कलमापुढे त्याच्या आईझाडाचा नंबर साध्या आकड्यात दिसला असता. शाळेतल्या पोरानंही वाचला असता. माझ्या पेटीत नातं म्हणजे आतल्या आत मारलेली खूण होती, फक्त मेलेल्या प्रोग्रॅमला कळणारी. माणसं होती, गावं होती, नंबर होते. बिलगलेलं काही नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "पानां हाडा. मी सांगतंय."

आंब्याचं पान चुरगळलं की प्रत्येक जातीचा वास वेगळा येतो. कलमं बांधणाऱ्यांना तो कळतो, सासूबाईंना झोपेतही कळतो. मग मी आणि नात स्कूटरवर निघालो. ती पुढे, मी मागे, मांडीवर ओल्या फडक्यांची पिशवी. जिथे त्या नावाचं घर सापडे तिथे आम्ही पत्र्याची पट्टी असलेलं झाड शोधायचो, पानं खुडायचो, नंबर लिहून फडक्यात गुंडाळायचो. संध्याकाळी सासूबाई ओटीवर बसून एकेक पान चुरगळायच्या आणि अंगणात भिरकावायच्या.

"हापूस. ह्या तर आंधळोय सांगतलो."

"हापूस."

"ह्यो पायरी. ह्येका कोणी पट्टी बांधल्यान? तुया?"

"बहुतेक मीच, आई."

"शी."

दोडामार्गला एका घरानं बाग तोडून रबर लावलं होतं. पडवीत रबराच्या ओल्या चादरी वाळत होत्या आणि त्यांचा वास असा की दिलेला चहा मी श्वास रोखून प्यायले. धामापूरला तळ्याजवळच्या एका म्हाताऱ्यांना सासूबाई चांगल्या आठवत होत्या. "तुमच्या सासवेन दिल्लो तो? गेल्या वर्साच तोडलो. आता खार घालता कोण?" त्यांच्या सुनेनं आम्हाला जेवायला वाढलं, पानात प्लॅस्टिकच्या पुडीतलं लोणचं. चकाकणारं, तेलकट, औषधासारखं. मी ते पानाच्या कडेला सरकवून ठेवलं. नातीनं सगळं खाल्लं आणि परतीच्या वाटेवर दोनदा स्कूटर थांबवली.

यादीच्या शेवटाला शिरोडा उरलं. माडांमागचं ते घर आता पर्यटकांचं राहायचं ठिकाण झालं होतं. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांच्यामध्ये एक आंबा. त्याच्या खोडाला दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या, आणि छातीच्या उंचीवर चार खिळे मारून एक पाटी ठोकलेली: वाय-फायचा पासवर्ड इथे मिळेल. बुंध्याशी बिअरच्या बाटल्या आणि कोणाची तरी वाळूनं भरलेली चप्पल. पासवर्ड खाली खडूनं लिहिला होता, तो पावसानं वाहून खोडावर पांढरा ओघळ पडला होता. पट्टी सालीनं गिळली होती. पत्र्याचा एक गंजका कोपरा तेवढा बाहेर होता.

घरची सून बाहेर आली. "सासू होती तवसर खार घाली. आता त्यो कैऱ्यो गाड्यांर पडतत, लोका भांडतत. दिवाळीच्या आदी तोडतलंव."

"तोडायच्या आधी चार काड्या नेऊ का?" मी विचारलं.

"चार कित्याक? सगळ्यो न्हेवा."

पानं घेऊन आम्ही घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. सासूबाईंनी पान चुरगळलं. नाकाशी धरलं. भिरकावलं नाही. देठाकडचा तुकडा दोन दातांत धरून चावला, अंगणात थुंकल्या आणि नातीकडे बघून म्हणाल्या, "कोयींची रोपां तयार आसत मां?"

ज्यांच्यावर काडी बांधायची ती रोपं तयार होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा शिरोड्याला जाऊन काड्या आणल्या आणि त्याच दुपारी कलमं केली. काडीला पाचर नातीनं केली, सासूबाईंनी प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, मध्ये दोनदा तिच्या हातावर चापट मारली. मला तेलाचा डबा कापायला बसवलं होतं. कागद, पेन, लॅपटॉप ह्यांतलं काही माझ्या जवळ येऊ दिलं नाही. काड्यांपैकी निम्म्या सुकल्या. निम्म्यांना लालसर पालवी आली आणि सासूबाईंनी त्यातलं प्रत्येक पान जवळ जाऊन हुंगलं.

नातीचं ॲपही झालं. ऑब्जेक्ट डेटाबेस वाईट असतो असं मी तिला सांगितलं नाही, कारण तो वाईट नसतो. नोंदींमधली नाती फार गुंतलेली असतील आणि तो सांभाळणारा माणूस टिकणार असेल, तर तो सोयीचा. आमच्याकडे माणसांपेक्षा झाडं जास्त टिकतात. तिनं दोन टेबलं केली. एकात झाडं, एकात घरं, प्रत्येक कलमापुढे आईझाडाचा नंबर. पाच ओळींचं काम पंचवीस ओळींना गेलं म्हणून कुरकुरली. मी तिला त्या शेजारच्या सरांबद्दल सांगितलं. ते आता नाहीत, नाहीतर मी स्वतः जाऊन सांगून आले असते.

लॅपटॉपवर पहिली नोंद करायला ती बसली तेव्हा तिनं हाक मारली, "पणजे, नंबर सांग गो."

सासूबाई आपल्या ट्रंकेपाशी होत्या. त्यांनी कॅलेंडरचं एक पान बाहेर काढलं. मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात नंबर आधीच लिहिलेले होते, प्रत्येकापुढे 'शिरोडा' आणि त्याच्यापुढे 'विहिरीकडचो'. एकेक वाचून दाखवला. वाचून झाल्यावर पानाची घडी घातली, ट्रंकेत तळाशी ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आई, बघू तरी द्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग न्हाणीघराच्या दिशेला. आता तिथे गिझर आहे, चूल कधीच मोडली. तरीही किल्ली त्यांनी कमरेवरून काढून दुसऱ्या बाजूला खोचली, माझ्यापासून लांब.

मी पत्रा कापायला गेले. त्या बाईला मीसुद्धा दिलं नसतं.